दिवाळी अंकाचं नियोजन: पत्रक सगळ्यांचं, ओळ ज्याची त्याची

दिवाळी अंक काढणाऱ्या बहुतेक ठिकाणी नियोजन असतं, पण ते कार्यकारी संपादकाच्या वहीत असतं. कोणाची कथा यायची राहिली, मुखपृष्ठाचं चित्र कुठवर आलं, मुद्रक कधीची तारीख देतोय, हे सगळं त्या एकाच माणसाला विचारायचं. तो फोन उचलतो तोवर चालून जातं. सप्टेंबरात त्याला ताप आला किंवा घरात लग्न निघालं, की मांडणीकार हातावर हात धरून बसतो, कारण पुढचा मजकूर कोणता लावायचा ते त्याला ठाऊक नसतं. तोवर जाहिरातवाल्यांनी एकच उजवं पान दोघांना विकलेलं असतं.

यावर उपाय म्हणून आता सगळेच गुगल शीट करतात. लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, ‘सगळ्यांनी भरा’ असा निरोप जातो, चार-दोन अंगठे येतात. आठवड्याने उघडून पाहावं तर दोघांनी भरलंय, तिसऱ्याने चुकून चौथ्याची ओळ पुसलीय, आणि उरलेले अजून कार्यकारी संपादकालाच फोन करतायत. दार उघडं ठेवलं म्हणून माणसं आत येऊन बसत नाहीत. कुठे बसायचं ते सांगावं लागतं. पत्रकाचंही तसंच आहे.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कामांची यादी फारशी बदललेली नाही: मजकूर, चित्रं, जाहिराती, मुद्रितशोधन, छपाई, बांधणी, वितरण. बदललं ते ही कामं करणारे कुठे बसतात ते. संपादक पुण्यात, चित्रकार कोल्हापुरात, मुद्रितशोधक डोंबिवलीत, एखादी लेखिका न्यू जर्सीत, आणि छापखाना कुठल्याशा औद्योगिक वसाहतीत. अशा पाच-सात जणांनी एकच पत्रक कसं लिहावं, ते इथे सांगतो आहे. स्मरणिका, संमेलन, नाटकाचा दौरा, सोसायटीची मोठी दुरुस्ती, यांनाही यातलं बरंच लागू पडेल. उदाहरण मात्र मी दिवाळी अंकाचंच धरतो, कारण त्याची तारीख कोणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पत्रक सगळ्यांनी लिहायचं म्हणजे अंक सगळ्यांनी ठरवायचा असं नाही. कोणती कथा घ्यायची, कोणती परत करायची, परिसंवादाचा विषय काय, हे संपादकानेच ठरवावं. पण ती कथा चित्रासह पानात कधी बसेल, ही तारीख संपादकाने लिहू नये. ती मांडणीकाराने आणि चित्रकाराने लिहावी. ज्याच्या हातून काम व्हायचं त्याच्याच हातून तारीख लिहिली जावी, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

रिकामं पत्रक नको, भरलेलंही नको

रिकामं पत्रक पाठवलं तर कोणी भरत नाही. कामं कोणत्या तपशिलाने लिहायची तेच लोकांना कळत नाही. एक जण ‘मजकूर’ एवढा एकच शब्द लिहितो, दुसरा प्रत्येक व्यंगचित्राला वेगळी ओळ देतो. उलट संपादकाने तारखांसकट भरून पाठवलं तर सगळे ‘ठीक आहे सर’ म्हणतात आणि मनातल्या मनात स्वतःच्या वेगळ्या तारखा धरून चालतात. दुसरा प्रकार मला जास्त घातक वाटतो. पहिल्यात निदान पत्रक कोरं असल्याचं डोळ्यांना दिसतं.

मधला रस्ता असा: कार्यकारी संपादकाने नुसता सांगाडा करावा. प्रत्येक कथा, लेख, कविताविभाग, मुखपृष्ठ, व्यंगचित्रं, जाहिरातीची पानं, राशिभविष्य असेल तर राशिभविष्य, प्रत्येकाला एक ओळ. ओळीत कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, बस. तारखेचा रकाना कोरा. मग एक तासाची बैठक ठेवावी, समोरासमोर किंवा झूमवर, आणि त्या तासाभरात प्रत्येकाने पत्रक उघडून फक्त आपल्या ओळींच्या तारखा टाकाव्यात. एकमेकांना विचारत बसू नये, ‘तुमचं कधी येतंय त्यावर माझं’ असंही म्हणू नये. आपल्याला खरोखर किती दिवस लागतात ते प्रामाणिकपणे लिहावं. तारखा जुळणार नाहीतच. त्या न जुळणंच या बैठकीत हवं असतं.

एक टक्कर जवळून पाहू

२०२६ सालचा अंक धरा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला. समजा अंक १६० पानांचा, आणि वितरक म्हणतोय २२ ऑक्टोबरला गठ्ठे माझ्या हातात द्या.

आता बैठकीत तारखा पडल्या. मांडणीकाराने लिहिलं, ‘सगळा मजकूर आणि सगळ्या जाहिराती १ ऑक्टोबरपर्यंत’. छापखान्याच्या व्यवस्थापकाने लिहिलं, ‘५ ऑक्टोबरपासून फाइली द्या, बांधणीला पाच दिवस’. आणि जाहिरात विभागाने लिहिलं, ‘शेवटची जाहिरात १३ ऑक्टोबर’. ही शेवटची तारीख वाचून एरवी संपादक फोनवर आवाज चढवतात. पण जाहिरातवाल्याचं कारण खरं असतं. २०२६ मध्ये ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस पितृपक्षात जातात. त्या दिवसांत नवा व्यवहार नको म्हणणारे व्यापारी अजून भरपूर आहेत, आणि सराफ, कपडेवाले, बांधकाम व्यावसायिक घट बसल्यावरच शब्द देतात. ही माहिती संपादकाकडे नसते, जाहिरातवाल्याकडे असते. त्याने स्वतः तारीख लिहिली म्हणूनच ती पत्रकात आली.

मग मार्ग काय? इथे छापखान्याचा माणूस उपयोगी पडतो. मोठ्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ८ पानं छापून घडी घातली की १६ पानांचा एक फर्मा होतो. १६० पानांचे असे १० फर्मे. फर्म्याच्या एका बाजूला सलग पानं नसतात. १, ४, ५, ८, ९, १२, १३ आणि १६ अशी पानं एका बाजूला येतात. म्हणजे बाराव्या पानाची जाहिरात आली नाही तर पहिलं पानही छापता येत नाही. एक पान अडलं की पंधरा पानं अडतात. उशिरा येणाऱ्या जाहिराती अंकभर विखरून टाकल्या तर दहाच्या दहा फर्मे १३ तारखेपर्यंत लटकतील.

पण त्याच जाहिराती शेवटच्या तीन फर्म्यांत एकत्र केल्या तर? उरलेले सात फर्मे, म्हणजे पहिली ११२ पानं, पूर्ण साहित्याची आणि आधीच ठरलेल्या जाहिरातींची. ती ५ ऑक्टोबरपासून यंत्रावर चढू शकतात. उरलेले तीन फर्मे आणि मुखपृष्ठ १४ तारखेला. अंकाचं आवरण वेगळ्या जाड कागदावर स्वतंत्रच छापलं जातं, त्यामुळे आतल्या आणि मागच्या आवरणाच्या महागड्या जाहिरातींनाही तेवढा वेळ मिळतो. हे परफेक्ट बाइंडिंगच्या अंकाला जमतं, कारण तिथे फर्मे एकावर एक रचले जातात. मध्ये पिना मारलेल्या लहान अंकात फर्मे एकात एक घालतात, तिथे सर्वांत बाहेरच्या फर्म्यात पहिली आठ आणि शेवटची आठ पानं असतात. त्यामुळे मागच्या पानांची जाहिरात रखडली की अंकाचं पहिलं पानही रखडतं. आपला अंक कोणत्या बांधणीचा आहे ते पहिल्या बैठकीतच ठरवा.

एवढं ठरल्यावर छापखान्याच्या माणसाने आणखी एक ओळ टाकली: ‘२० ऑक्टोबर, दसरा, यंत्रपूजा, काम बंद’. चौदाला शेवटच्या फाइली, पंधरा-सोळाला छपाई, सतरापासून पाच दिवस बांधणी, त्यातला एक दसऱ्याने खाल्ला. बावीसची तारीख तेवीसवर गेली, आणि वाहतुकीचा एक दिवस धरून चोवीसवर. वितरकाला हे जुलैत सांगितलं तर तो कुरकुरतो आणि मान्य करतो. एकवीस ऑक्टोबरला सांगितलं तर तुमचे गठ्ठे बाजूला पडतात.

संपादकाने एकट्याने बसून हे पत्रक केलं असतं तर पितृपक्ष आणि यंत्रपूजा या दोन गोष्टी त्यात आल्याच नसत्या. पत्रक अनेकांनी लिहायचं ते याचसाठी. लोकशाहीच्या हौसेसाठी नव्हे.

तारखा मागून पुढे

गेल्या वर्षीच्या पत्रकाची प्रत काढायची आणि नावं बदलायची, ही आपली लाडकी सवय. सांगाड्यासाठी ती चांगली, तारखांसाठी वाईट. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ८ नोव्हेंबरला. अकरा दिवस मागे, अठरा दिवस पुढे असा हा झोका आहे. म्हणून पत्रकात हाताने लिहिलेली मूळ तारीख एकच असावी, लक्ष्मीपूजनाची. बाकीच्या तारखा तिच्यापासून मागे मोजून याव्यात.

शीटमध्ये ‘वर्कडे डॉट इंटल’ नावाचं सूत्र आहे, ते हेच काम करतं. त्याला चार गोष्टी द्यायच्या: सुरुवातीची तारीख, दिवसांची संख्या (मागे मोजायचं तर उणे चिन्ह लावून), आठवड्याच्या सुट्टीचा क्रमांक आणि इतर सुट्ट्यांची यादी. फक्त रविवार सुट्टी असेल तर क्रमांक ११, छापखान्याला गुरुवारी सुट्टी असेल तर १५. सुट्ट्यांची यादी वेगळ्या टॅबमध्ये ठेवा आणि ती सर्वांना लिहायला मोकळी ठेवा. त्या टॅबवर कोणाची मालकी नसावी. मुद्रितशोधक गौरी-गणपतीला आठ दिवस कोकणात जाणार, मांडणीकाराच्या मुलाची परीक्षा, छापखान्याची यंत्रपूजा, सगळं तिथे यावं. माणसं आपल्या अडचणी बैठकीत बोलत नाहीत, पण रकाना दिसला की लिहितात.

आणखी एक बारीक पण त्रासदायक बाब. नवं शीट उघडल्यावर ‘फाइल’मधल्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘लोकेल’ भारत आहे ना ते बघा. ते अमेरिकेचं असेल तर ५/९ लिहिल्यावर शीट ९ मे समजतं, आणि १५/९ लिहिलं तर ती तारीखच न समजता नुसता मजकूर म्हणून पडून राहते. मग क्रम लावला की कविता मे महिन्यात जाऊन बसतात.

रकाने थोडे, पण पक्के

प्रत्येक ओळीला एक कायमचा खूण-क्रमांक द्या. कथेला क-०३, लेखाला ल-०७, जाहिरातीला ज-११. ओळीचा नुसता आकडा सांगू नका, कारण कोणी क्रम बदलला की चौतिसावी ओळ एकोणिसावी होते. हाच खूण-क्रमांक फाइलच्या नावात, चित्रकाराच्या रेखाटनावर आणि व्हॉट्सॲपच्या निरोपात वापरा. ‘त्या मॅडमची कथा’ असं कोणी म्हटलं की कोणत्या मॅडम, हा प्रश्न तीन जणांना पडतो.

एका ओळीला एकच नाव. ‘सुनील/मीना’ असं लिहिलेली ओळ कोणाचीच नसते. दोघं मिळून काम करत असतील तरी जबाब द्यायला एकच पुढे असावा. दुसऱ्याचं नाव शेऱ्यात चालेल.

तारखेचे दोन रकाने असू द्या: ‘कबूल’ आणि ‘नवी’. कबूल तारीख एकदा पडली की ती कोणी बदलायची नाही, ज्याची आहे त्यानेही नाही. उशीर होणार असं दिसलं की ‘नवी’मध्ये पुढची तारीख आणि शेजारी चार शब्दांचं कारण. यात शिक्षा नाही, नोंद आहे. कबूल तारखा पुसून नव्या लिहिण्याची मुभा दिली तर पत्रक कायम वेळेवर दिसतं आणि अंक कायम उशिरा येतो.

कामाची अवस्था लिहायला मोकळा रकाना ठेवू नका. ‘इन्सर्ट’मधून ड्रॉपडाउन करा आणि त्यात सहाच शब्द ठेवा: मागितला, आला, संपादित, लावला, तपासला, मंजूर. ‘झालं’ हा शब्द त्यात नको. मांडणीकार ‘झालं’ म्हणतो तेव्हा पानं लावून झालेली असतात, मुद्रितशोधक म्हणतो तेव्हा पहिलं वाचन झालेलं असतं, आणि संपादक ऐकतो तेव्हा त्याला वाटतं छापायला पाठवलं. प्रत्येक शब्दाचा अर्थ पहिल्या टॅबवर एका वाक्यात लिहून टाका. उदाहरणार्थ ‘आला’ म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये हाती आला. लेखकाने श्रीलिपीत पाठवला असेल, किंवा हाताने लिहिलेल्या कागदांचे फोटो पाठवले असतील, तर तो अजून ‘मागितला’च. जुन्या फाँटमधून रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, आणि ते निस्तरण्याचे दोन दिवस कोणाच्याच हिशेबात धरलेले नसतात.

मजकुराच्या टॅबशेजारी फर्म्यांचा एक टॅब हवा. दहा फर्मे, दहा ओळी, प्रत्येकात कोणते खूण-क्रमांक बसलेत ते. लेखांच्या यादीत चाळीसपैकी अडतीस मंजूर दिसलं की सगळे खूश होतात. तेच फर्म्यांच्या यादीत पाहिलं तर उरलेले दोन लेख दोन वेगवेगळ्या फर्म्यांत असतात, आणि दोन्ही फर्मे अडकलेले असतात. या टॅबची जबाबदारी मांडणीकाराकडे द्या, संपादकाकडे नको. पानं तोच लावतो, पानांची अडवणूक आधी त्यालाच कळते.

कोणाला कुठवर हात लावू द्यायचा

शीट देताना तीन पायऱ्या असतात: नुसतं पाहणं, टिप्पणी करणं, आणि लिहिणं. ज्यांच्या नावाने ओळी आहेत त्यांना लिहिण्याचा अधिकार. छापखान्याच्या मालकाला, सल्लागारांना टिप्पणीचा. वितरकाला पाहण्याचा पुरे. लेखकांना पत्रक देऊच नका. आपली कथा ‘मागितला’वर आणि दुसऱ्याची ‘मंजूर’वर दिसली की फोन सुरू होतात. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय सोपा म्हणून लोक निवडतात. तो टाळा, एकेकाचा ईमेल घालून द्या. म्हणजे कोणी काय बदललं ते नावानिशी कळतं. शेअरच्या खिडकीतल्या सेटिंगमध्ये, लिहिणाऱ्यांनी पुढे आणखी कोणाला अधिकार द्यावा की नाही याची खूण असते, ती काढून टाका.

त्यानंतर ‘डेटा’ मेन्यूतून ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’. मथळ्याची ओळ, सूत्रं, लक्ष्मीपूजनाची तारीख आणि ‘कबूल’ रकाना एवढं बंद करा. ‘कबूल’ मात्र पहिल्या बैठकीतली सौदेबाजी संपल्यावर बंद करा, त्याआधी नाही. बाकी सारं उघडं राहू द्या. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या ओळी उघड्या आणि इतरांच्या बंद, असं कुलूपकिल्ल्यांचं जंगल काही ठिकाणी करतात. ते टिकत नाही. काम एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की किल्ली बदलायची राहते, आणि नवा माणूस परत फोनवर येतो. चुकून पुसलं गेलं तर ‘व्हर्जन हिस्टरी’ आहे. एकेका चौकटीवर उजवी कळ दाबून ‘शो एडिट हिस्टरी’ केलं तरी आधी काय होतं, कोणी बदललं ते दिसतं. एवढी सोय असताना माणसांवर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही.

मानधन, जाहिरातीचे दर, येणी-देणी यांची फाइल पूर्ण वेगळी ठेवा. त्याच फाइलमधला टॅब लपवून ठेवला तर तो खरा लपत नाही. लिहिण्याचा अधिकार असलेला कोणीही तो पुन्हा उघडू शकतो.

आणि एक गोष्ट सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवा. आपल्यापुरत्या ओळी पाहायच्या असतील तर ‘फिल्टर व्ह्यू’ करावा. साधं फिल्टर लावलं तर ते सगळ्यांच्या पडद्यावर लागतं, आणि ‘माझ्या कविता कोणी उडवल्या’ म्हणून रात्री अकराला ग्रुपवर आरडाओरडा होतो.

फाइल कोणाच्या खात्यावर आहे हेही बघा. मंडळाच्या अंकाचं पत्रक एखाद्या उत्साही कॉलेजकुमाराच्या जीमेलवर तयार होतं. तो पुढच्या वर्षी नोकरीसाठी बंगळुरूला जातो, आणि मागचं सगळं त्याच्या मर्जीवर राहतं. अंकाच्या नावाने एक खातं काढा, त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवा.

जे लिहीत नाहीत त्यांचं काय

चांगले मुद्रितशोधक पुष्कळदा साठी-सत्तरीचे असतात. त्यांना कागदावरचं मुद्रित द्या, लाल पेन द्या, काम चोख होईल. शीट उघडायचा आग्रह धराल तर चांगला माणूस गमवाल. त्यांच्यासाठी एक लेखनिक नेमा. रोज संध्याकाळी फोन करायचा, ‘काका, आज कोणते खूण-क्रमांक वाचून झाले? उरलेले कधी?’ आणि काका सांगतील तसंच पत्रकात लिहायचं, शेऱ्यात ‘काकांनी सांगितलं’ एवढं जोडून. लेखनिकाने स्वतःच्या अंदाजाने तारीख टाकायची नाही. पत्रकातली तारीख बोलणाऱ्याची असते, टंकणाऱ्याची नसते.

लिहिता येत असून न लिहिणारे वेगळे. त्यांच्यात दोन जाती. एकांना वेळ नसतो. त्यांना मोबाइलवरून दोन मिनिटांत लिहिता येईल इतकेच रकाने ठेवले की ते लिहितात. दुसऱ्यांना भीती असते. उशीर होणार हे सगळ्यांसमोर लिहायचं म्हणजे संपादक सगळ्यांसमोर बोलणार. हा प्रश्न शीटचा नाही, संपादकाच्या स्वभावाचा आहे. उशिराची नोंद आल्यावर संपादकाने टिप्पणीत ‘का?’ विचारण्याऐवजी ‘मग चित्रकाराला कधी द्यायचं?’ असं विचारलं, तर पुढच्या वेळी नोंद आठ दिवस आधी येते. आणि एखादी तारीख मान्य नसेल तर संपादकानेही ती खोडून आपली लिहू नये. त्या चौकटीवर टिप्पणी करावी, @ लावून त्या माणसाचं नाव घालावं, तिथेच ते काम त्याच्याकडे सोपवावं, आणि तारीख त्यालाच बदलू द्यावी. एकदा का संपादकाने वरून तारीख खोडली, की त्या ओळीची जबाबदारी त्या क्षणापासून संपादकाची झाली. ते त्या माणसाला लगेच कळतं, संपादकाला अंक निघाल्यावर कळतं.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करा असं सांगणारे सल्लागार कधी अंक काढत नसावेत. ग्रुप राहणारच. फक्त एक शिस्त लावा: ग्रुपवर आलेला निरोप पत्रकात उतरल्याशिवाय धरायचा नाही. ‘ल-०७ ची नवी तारीख टाकली, बघा’ हा चांगला निरोप. ‘जोशीसरांचा लेख दोन दिवसांत येईल’ हा वाईट. त्यावर कार्यकारी संपादकाने एवढंच उत्तर द्यावं, ‘पत्रकात टाका’. कंटाळा न करता, दर वेळी. पहिले पंधरा दिवस लोक वैतागतात, मग आपोआप टाकायला लागतात.

आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, कार्यकारी संपादकाने पत्रक वरून खाली वाचावं. स्वतः भरण्यासाठी नव्हे. तारीख उलटून गेली तरी जिची अवस्था बदलली नाही अशी ओळ, नाव नसलेली ओळ, आणि एका माणसाच्या नावावर एकाच आठवड्यात पडलेल्या सहा ओळी, या तीन गोष्टी शोधण्यासाठी. पहिल्या दोन फोनवर मिटतात. तिसरीसाठी मात्र माणूस शोधावा लागतो, आणि तो सप्टेंबरच्या शेवटी मिळत नाही. म्हणून हे वाचन जुलैपासून चालू हवं.

सगळे जण एकाच खोलीत बसत असतील, तर या साऱ्या भानगडीत न पडता भिंतीवर एक मोठा तक्ता लावा आणि शेजारी दोरीने पेन बांधा. माझ्या मते अजून त्याला तोड नाही. येता-जाता दिसतो, वीज गेली तरी दिसतो, आणि आपल्या हाताने आपली तारीख सगळ्यांदेखत लिहिलेली माणूस सहसा विसरत नाही. नियम तेच: एका ओळीला एक नाव, जुनी तारीख खोडायची नाही, बाजूला नवी लिहायची.

शेवटच्या फाइली छापखान्यात गेल्या त्या दिवशी पत्रकाच्या त्या आवृत्तीला ‘व्हर्जन हिस्टरी’मध्ये नाव देऊन ठेवा. भाऊबीज झाली की आठवडाभरात प्रत्येकाला एकच काम सांगा: आपल्या ओळींतल्या ‘कबूल’ आणि ‘नवी’ तारखांमधला फरक पाहा, आणि पुढच्या वर्षी आपल्याला खरे किती दिवस हवेत ते शेवटच्या टॅबवर लिहा. हे काम डिसेंबरवर टाकलं की होत नाही. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे २०२६ पेक्षा दहा दिवस कमी मिळणार आहेत. त्या वर्षीचा सांगाडा जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या हाती जाऊ द्या.